वरचा सा

मी मशिनवर होते आणि दोन्ही कानांत इअरफोन होते, त्यामुळे कुमुद कधी आत आली ते मला कळलंच नाही. तिनं मागून येऊन माझ्या उजव्या कानातला इअरफोन काढला, स्वतःच्या कानात घातला आणि शेजारच्या स्टुलावर बसली. मीही पाय थांबवले नाहीत. ब्लाउजची बाही पुरी होईस्तोवर आम्ही दोघी एकेका कानानं ऐकत राहिलो.

“कुठलं गं हे?” गाणं संपल्यावर तिनं विचारलं.

“आफ्रिकेच्या बाजूला कुठलंसं बेट आहे, तिथलं. मासे वाळत घालताना बायका म्हणतात म्हणे.”

“आणि ते बार्शीत तुझ्या मशिनवर आलं.”

“सोमवारी नवीन गाणी येतात ना. आपण काय ऐकतो ते बघून अ‍ॅपच पाठवतं. मागच्या आठवड्यात एक इराणी बाई ऐकली, काय गळा होता म्हणून सांगू!”

कुमुद हसली. तिचं हसू तेव्हा बिनआवाजाचं असायचं.

कुमुद सुरवसे आणि मी पाचवीपासून एका बाकावरच्या. ती पुढं मुलींच्या शाळेत संगीताची बाई झाली, मी लग्नानंतर छोटंसं दुकान टाकून ब्लाउज शिवायला आणि साड्यांना फॉल-पिको करायला लागले. आमच्या सखी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी दर सोमवारी ‘या आठवड्याची तीन गाणी’ टाकायची. बायका म्हणायच्या, वसुधाताईंचा कान म्हणजे कान. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्याच्या आदल्या वर्षी कुमुदच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली. गाठ साधी निघाली, पण ऑपरेशनमध्ये आवाजाच्या नसेला धक्का बसला. आठ महिने ती कुजबुजल्यासारखं बोलत होती. शाळेनं संगीताचे तास दुसऱ्या बाईंना दिले आणि हिला तात्पुरतं ग्रंथालयात बसवलं. दर पंधरा दिवसांनी ती एसटीनं सोलापूरला जायची, तिथल्या डॉक्टरबाई आवाजाचे व्यायाम घ्यायच्या. घरी रोज सकाळी तासभर तेच. हळूहळू आवाज परत यायला लागला होता.

“वसे, एक काम आहे तुझ्याकडं,” ती म्हणाली. “मी गाणं केलंय.”

मी मशीन थांबवलं.

“मागच्या महिन्यात सोलापूरला स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड केलं. कुणाला बोलले नव्हते. ‘मागल्या दारानं ये गं’, तेच आपलं.”

ते गाणं तिनं बाविसाव्या वर्षी लिहिलं होतं, चालही तिचीच. मला ते तोंडपाठ होतं. एक मैत्रीण दुसरीला सांगते, पुढच्या दारानं पाहुण्यासारखी येऊ नकोस, मागल्या दारानं ये. त्यातल्या ‘ये’वर कुमुद वरचा सा लावायची, तो सगळ्या गल्लीला ऐकू जायचा.

“केतकीनं पुण्यातून अ‍ॅपवर टाकलंय,” ती म्हणाली. केतकी तिची मुलगी. “परवापासून दिसायला लागलंय. पण मी ऐकलेलं नाही, वसे. माझ्यानं ऐकवत नाही. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी एकदा माझा आवाज मला रेकॉर्ड करून ऐकवला होता, दोन दिवस घास उतरला नव्हता.”

“मग?”

“तू ऐक. तू जगभरच्या बायकांचं ऐकतेस, तुला कळतं. घरातली माणसं काय, चांगलंच म्हणणार. तू खरं सांग. वाईट असेल तर काढून टाकू, कुणाला कळायचंसुद्धा नाही. बरं असेल, तर जूनमध्ये मी हेडबाईंना म्हणेन, मला माझे तास परत द्या.”

“आत्ताच लावते की.”

“माझ्यासमोर नको!” ती उठलीच. “मी गेल्यावर. आणि निवांत ऐक, शिवता शिवता नको.”

ती गेल्यावर मी अ‍ॅपवर तिचं नाव शोधलं. गाणं सापडलं. शेजारी केतकीनं काढलेला तिचा फोटो होता, हिरव्या इरकलीतला. मी बदामावर बोट ठेवलं, गाणं माझ्या यादीत टाकलं आणि ठरवलं, रात्रीची भांडी झाली की शांतपणे ऐकू. तिनंच निवांत म्हटलं होतं.

लग्नसराईचे दिवस. त्या रात्री जमलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. दिवसभर कानात गाणी चालूच होती, पण ती हात कामात असताना ऐकायची गाणी. कुमुदचं तसं ऐकायचं नव्हतं ना! यादीत ते सगळ्यांत वर होतं. बोट तिथवर जायचं आणि मी खालचं काहीतरी लावायची. आणखी एक कारण होतं, ते मी त्या वेळी स्वतःलाही सांगितलं नाही. मला भीती वाटत होती. आवाज वाईट निघाला तर तिच्या तोंडावर सांगणार कोण?

पाचव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. समोर गिऱ्हाईक उभं होतं, लग्नघरच्या सात ब्लाउजांची मापं द्यायला.

“ऐकलंस?”

नाही म्हणायला काय झालं होतं मला? पाच दिवस गेले होते, एवढंच. पाच दिवसांत चार मिनिटं मिळाली नाहीत, हे कसं सांगायचं?

“ऐकलं की गं!” मी म्हणाले. “परवाच ऐकलं, तुला फोन करायचा राहूनच गेला.”

“मग?” तिचा श्वास मला ऐकू येत होता.

“अगं, काय सांगू! आवाज पहिल्यापेक्षा खोल झालाय. भरून येतं ऐकताना.”

“खरं?”

“तुझी शप्पथ.”

“आणि ‘ये’ची जागा? तिथं कसं वाटलं?”

मला ते गाणं तोंडपाठ होतं म्हणून तर बोलता आलं. “वरचा सा ना? अगदी स्वच्छ लागलाय. होता तस्सा.”

तिकडं क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, रेंज गेली.

“बरं,” ती म्हणाली. “शिव तू. कामात दिसतेस.”

त्या सोमवारी मी ग्रुपवर तीनऐवजी एकच गाणं टाकलं. लिहिलं, ‘आपल्या कुमुदचा आवाज परत आला. जरूर ऐका.’ संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस जणींनी टाळ्या, बदाम आणि फुलं पाठवली. कुणी लिहिलं, अंगावर काटा आला. कुणी लिहिलं, तुमच्या आवाजाला तोड नाही. कुमुदनं सगळ्यांना हात जोडले. मला वाटलं, चला, एवढ्या जणी म्हणताहेत म्हणजे गाणं चांगलंच असणार. माझं खोटं आपोआप खरं झालं.

त्यानंतर तर ते ऐकण्याचं निमित्तच उरलं नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मंडळाचं हळदीकुंकू होतं. अध्यक्ष नलिनीताई बारबोले म्हणाल्या, या वर्षी काहीतरी वेगळं करू. मीच सुचवलं, कुमुदचं गाणं स्पीकरवर लावू या, नंतर तिचा सत्कार करू. मला वाटत होतं, ती नकोच म्हणेल. तिला विचारायला गेले तेव्हा ती दारात उभी राहून थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली.

“तू असशील ना तिथं?” तिनं विचारलं.

“म्हणजे काय? माझ्याच फोनवरून लावणार आहे.”

“मग लावा.”

मंडळाचं सभागृह भरून गेलं होतं. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, तिळगुळाच्या वड्यांची ताटं. कुमुद पुढच्या रांगेत बसली होती, फोटोतल्याच इरकलीत. मी माझा फोन स्पीकरला जोडला आणि माइकवर दोन शब्द बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही, पण ‘मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा’ असं सुरू होणारं एक वाक्य त्यात होतं, हे आठवतं. मग मी गाणं सुरू केलं.

पेटी वाजली. तबला आला. मुखड्याची सुरावट पेटीवर एकदा झाली आणि मग शब्द यायची जागा आली. शब्द आले नाहीत. तबला नुसताच चालत राहिला. पाठीमागं तंबोरा, मधेमधे पेटीचा एखादा तुकडा. मला वाटलं, स्पीकरचं काहीतरी बिघडलं. मी तार हलवली, आवाज वाढवला. पेटीच मोठी झाली.

मी बायकांकडं बघितलं. कुणी हूं की चूं केलं नाही. सगळ्या मान हलवत होत्या. त्रेचाळीस जणींनी बदाम पाठवले होते. आता कोणत्या तोंडानं म्हणणार, यात आवाज कुठाय? नलिनीताई तर डोळे मिटून मांडीवर ताल धरून बसल्या होत्या. मी मशिनवर बसणारी बाई, चार मिनिटं म्हणजे किती टाके हे मला कळतं. ती चार मिनिटं संपता संपत नव्हती. फोन माझ्या हातात होता. मी गाणं बंद करू शकत होते. पण बंद केलं तर का केलं ते सांगावं लागलं असतं.

कुमुद आधी स्पीकरकडं बघत होती. पहिल्या कडव्याची जागाही रिकामीच गेली, तेव्हा तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, हे आजही मला सोसत नाही.

गाणं संपलं आणि टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या. टाळ्या विरतात न विरतात तोच मागच्या भिंतीशी बसलेल्या द्रौपदाकाकू मोठ्यानं म्हणाल्या, “वाजंत्री झाली न्हवं? आता गाणं लावा की.”

त्या ऐंशीच्या पुढच्या, त्यांच्याकडं फोनच नव्हता.

कुणीतरी फिस्सकन हसलं. कुमुद उठली. तिनं माझ्या हातातून माइक घेतला आणि त्या जाडसर, हवा मिसळलेल्या आवाजात म्हणाली, “चुकून नुसत्या संगीताची फाइल गेलीय. वसूचा दोष नाही, आमच्या केतकीची घाई. तिळगूळ घ्या सगळ्यांनी.”

तिनं सत्कार घेतला, वाण घेतलं, सगळ्यांना कुंकू लावलं. मलाही लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेले. ती स्वयंपाकघरात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसले, ताटातल्या मूठभर शेंगा ओढून घेतल्या. दोघी सोलायला लागलो.

“स्टुडिओनं दोन फायली दिल्या होत्या,” तीच बोलली. “एक गाण्याची, एक नुसत्या वाजवण्याची. केतकीच्या हातून दुसरीच गेली. सुरुवात दोन्हींची सारखीच ना, तिनं पेटीपुरतं ऐकलं आणि बंद केलं. काल फोनवर रडत होती पोर.”

“कुमे, मी…”

“तू ऐकलं नव्हतंस.”

“नाही.”

“मला माहीत होतं.”

“काल कळलं असेल.”

“काल नाही.” तिनं शेंगेतला किडका दाणा वेगळा काढला. “त्या फोनवरच कळलं. वरचा सा स्वच्छ लागलाय म्हणालीस. अगं, वरचा सा मी घेतलाच नाहीये. तो लागतच नाही आता. तिथली चालच बदलली मी. ‘ये’ वर न नेता मध्यमावर आणून सोडलाय. ती एक जागा बसवायला पंधरा दिवस गेले माझे. तेच तुला विचारत होते, बरं वाटतं का म्हणून.”

हातातली शेंग मी न सोलताच ताटात टाकली.

“मग तेव्हाच बोलली का नाहीस?”

“काय बोलू? ऐक गं बाई, म्हणून पाया पडू?”

“आणि हळदीकुंकवाला लावायला हो कशाला म्हणालीस? सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांचं काय घेऊन बसलीस?” ती म्हणाली. “चाळीस बायकांत, हातात फोन धरून उभी केली, की तुला उठून जाता यायचं नाही. म्हटलं, तेवढ्यात तरी तुझ्या कानावर पडेल.”

शेगडीवर काहीतरी उतू जात होतं, ती उठून गॅस बारीक करून आली.

“बरोबर फाइल टाका ना आता,” मी म्हणाले. “मी ग्रुपवर पुन्हा लिहिते, सगळं खरं लिहिते.”

“केतकीला काढून टाकायला सांगितलं. निघालं पण सकाळीच.”

“निदान मला तरी ऐकव, कुमे. आत्ता. इथंच बसून ऐकते.”

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. “ऐकायचंय म्हणून ऐकणार आहेस, का तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून?”

उरलेल्या शेंगा सोलून मी घरी आले.

जूनमध्ये तिनं हेडबाईंना तास परत मागितले नाहीत. ग्रंथालयातलीच जागा कायम करून घेतली. आमचं बोलणं तुटलं असं नाही. ती ब्लाउज शिवायला माझ्याकडंच टाकायची, भाजी आणायला बरोबर जायचो. फक्त ती आल्यावर माझ्या कानात काही वाजत असलं तर ती कधी विचारायची नाही, काय आहे म्हणून. सोमवारची गाणी टाकणं मी थांबवलं. कुणी कारण विचारलं नाही.

श्रावणात केतकी चार दिवस आली होती. जायच्या दिवशी ती माझ्याकडं ओढणीला पिको करून घ्यायला आली आणि निघताना म्हणाली, “मावशी, तुमच्या फोनवर पाठवलंय मी ते. आईला सांगू नका.”

मी दुकानाचं दार लावलं. मशिनपासून लांब, कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून जमिनीवर बसले आणि गाणं लावलं.

आवाज तिचाच होता आणि तिचा नव्हता. पहिल्या ओळीत शब्दांआधी श्वास ऐकू येत होता. दुसऱ्या कडव्यात एका ठिकाणी आवाज सरळसरळ फाटला होता. आणि ‘ये’ आला तेव्हा ती दोन पायऱ्या वर चढली, थांबली, आणि पुढचं काही न मागता हळूच खाली उतरली. बावीस वर्षांच्या पोरीनं मैत्रिणीला मारलेली ती हाक राहिली नव्हती. ही येईल की नाही, याची खात्री नसलेल्या बाईची हाक होती. एवढ्या देशांची एवढी गाणी ऐकली होती मी, पण गाणं मलाच काहीतरी विचारतंय असं कधी झालं नव्हतं. मी ते सहा वेळा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर मी शाळेत गेले. ग्रंथालयात ती एकटीच होती, नव्या पुस्तकांच्या पाठीवर नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवत. तिच्या परवानगीशिवाय ऐकलं, हे मी आधी सांगितलं. मग सगळं सांगितलं. श्वासाचं सांगितलं. तबला जरा पुढं पळतो ते सांगितलं. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटलाय, तेही सांगितलं. आणि ‘ये’च्या जागेबद्दल मला जेवढं बोलता आलं तेवढं बोलले, मधेच रडू आलं तरी बोलले. एक शब्द पदरचा घातला नाही.

ती मान खाली घालून ऐकत होती. मी थांबले, तेव्हा म्हणाली, “दुसऱ्या कडव्यात फाटलाय म्हणतेस?”

“हो. फाटलाय.”

“मलाही वाटलं होतं गाताना. तेवढंच पुन्हा रेकॉर्ड करून देतो म्हणाले होते स्टुडिओवाले. कुणी सांगितलं असतं, तर गेले असते.”

“आता जाऊ या ना. मी येते बरोबर. उद्याच जाऊ.”

“व्यायाम जानेवारीतच सोडले, वसे.”

“पुन्हा सुरू कर.”

तिनं ब्रश खळीच्या वाटीत ठेवला. दाराकडं बघितलं, बाहेर कुणी नव्हतं. मग ताठ बसून तिनं सा लावायला तोंड उघडलं. वरचा नव्हे, साधा, मधला. हवा आली. हवेच्या मागून आवाजाची एक बारीकशी रेघ आली आणि विरली. तिनं पुन्हा एकदा लावून बघितला.

“बघ,” ती म्हणाली, आणि गठ्ठ्यातलं पुढचं पुस्तक उचललं.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली.